तोंडाच्या कॅन्सरचा मार्कर रिपोर्ट कसा वाचायचा: पीडी-एल१, ईजीएफआर, पी१६ आणि बाकीची मंडळी

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट तसा सोपा असतो, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ग्रेड अमुक, संपलं. गोंधळ होतो तो दुसऱ्या कागदाने. त्यावर पी४०, पी१६, केआय-६७, पीडी-एल१ सीपीएस १५ अशी नुसती अक्षरं आणि आकडे असतात, ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आणि मग घरातला जो कोणी नेटवर त्यातल्या त्यात बरा तो रात्रभर सर्च करत बसतो आणि सकाळपर्यंत आणखीनच घाबरतो. हे त्या माणसासाठी लिहितोय. पॅथॉलॉजीला किंवा डेंटलला नुकतेच आलेले स्टुडंट्स वाचत असतील तर त्यांनाही चालेल, फक्त परीक्षेत माझ्या भाषेत उत्तर लिहू नका.

कुठलंही प्रोटीन दिसलं की आधी हा प्रश्न विचारायचा: हा आकडा वेगळा आला असता तर ट्रीटमेंट वेगळी झाली असती का? उत्तर "नाही" असेल तर तो आकडा पॅथॉलॉजिस्टच्या कामाचा आहे, संशोधकाच्या कामाचा आहे, तुमची झोप घालवण्याइतका नाही. आणि खरं सांगायचं तर तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक मार्करचं उत्तर "नाही" असंच येतं.

मार्करची कामं चार प्रकारची असतात आणि सगळी गल्लत तिथेच होते. काही मार्कर हा कॅन्सर नेमका कुठल्या जातीचा ते सांगतात. काही सांगतात की हा पुढे किती त्रास देईल. काही सांगतात की अमुक औषध या पेशंटला लागू पडायची शक्यता जास्त आहे का कमी. आणि काही प्रोटीन अशी असतात की औषध थेट त्यांच्यावरच जाऊन बसतं, म्हणजे टार्गेट. आता गंमत अशी की टार्गेट असणं आणि औषध लागू पडेल का ते सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाचणाऱ्याला वाटतं ट्यूमरमध्ये टार्गेट भरपूर आहे म्हणजे औषध चालणारच. ईजीएफआरपाशी आपण हेच बघणार आहोत.

आधी बघा तपासलं काय आणि कशावर

बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडतो, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक होतो, आणि त्या ब्लॉकचे साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. त्यावर अँटीबॉडी टाकतात, ती आपल्या प्रोटीनला चिकटते, मग रंग येणारं केमिकल टाकलं की जिथे प्रोटीन आहे तिथे तपकिरी दिसतं आणि बाकी पेशींची केंद्रकं निळी. यालाच आयएचसी म्हणतात. म्हणजे रक्तातली साखर मोजतात तसा मशिनने दिलेला आकडा नाहीये हा, कोणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावून तपकिरी पेशी मोजल्यात किंवा अंदाजे टक्के लावलेत. म्हणून दोन लॅबमध्ये थोडा फरक पडतो, आणि दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टमध्येसुद्धा पडतो, त्यात लगेच घोटाळा शोधू नका.

रिपोर्टवर चार गोष्टी शोधा: ब्लॉक नंबर, तुकडा कुठला (पहिली बायोप्सी, ऑपरेशनमधला ट्यूमर की मानेची गाठ), अँटीबॉडीचा क्लोन (म्हणजे नेमकी कुठली अँटीबॉडी वापरली त्याचं नाव) आणि सॅम्पल पुरेसं होतं का. पीडी-एल१ साठी किमान १०० जिवंत ट्यूमर पेशी लागतात, त्याहून कमी असतील तर येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. तोंडाच्या बायोप्सीत ही अडचण नेहमीची आहे कारण तुकडा बारीक असतो आणि वरचा भाग सडलेला असतो, नुसता स्लफ. अजून एक, कॅन्सर जबड्याच्या हाडात गेला असेल तर हाड मऊ करायला तो तुकडा ॲसिडमध्ये ठेवतात आणि ॲसिडने प्रोटीनची वाट लागते. अशा तुकड्यावर आयएचसी केलं आणि निगेटिव्ह आलं तर तो निगेटिव्ह खरा की ॲसिडचा, सांगणं कठीण. म्हणून मऊ भागातला वेगळा ब्लॉक आहे का हे विचारायचं, बहुतेक वेळा असतो.

जात ओळखणारे मार्कर, पटकन

तोंडातले नव्वद टक्क्यांच्या वर कॅन्सर स्क्वॅमस, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींचे असतात आणि ते साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरच कळतात, मार्कर लागतच नाहीत. पेशी फारच बिघडलेल्या असतील, काही ओळख लागत नसेल तर पी४० आणि सायटोकेराटिन लावतात. ते पॉझिटिव्ह आले की स्क्वॅमस असायची शक्यता खूप जास्त, एवढंच. एस१००, सॉक्स१०, एचएमबी४५ ही नावं दिसली तर मेलॅनोमाची (रंगपेशींच्या कॅन्सरची) शंका काढून टाकायला लावली असतील, हे बघून "मेलॅनोमा आहे की काय" म्हणून घाबरू नका, पुढे पॉझिटिव्ह लिहिलंय की निगेटिव्ह ते वाचा.

पण एक अपवाद महत्त्वाचा. टाळूवर, ओठाच्या आत, गालात बारीक लाळग्रंथी असतात आणि त्यांचाही कॅन्सर होतो. तो स्क्वॅमस नाही. तिथली मार्करची दुनियाच वेगळी, सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात हर२ आणि अँड्रोजेन रिसेप्टर बघतात, सिक्रेटरी कार्सिनोमात एनटीआरके फ्युजन (हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलंय का ते) बघतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. त्यामुळे नेटवरची माहिती वाचायच्या आधी आपल्या रिपोर्टवर जात कुठली लिहिलीय ते नीट बघा. यापुढचं सगळं स्क्वॅमसबद्दल आहे.

पीडी-एल१: इथे मात्र थांबा आणि नीट वाचा

ट्रीटमेंट बदलणारा मार्कर म्हणाल तर सध्या रोजच्या वापरात हा एकच. शरीरातल्या टी पेशी कॅन्सरवर हल्ला करायला येतात तेव्हा ट्यूमरच्या पेशी आपल्या अंगावरचं पीडी-एल१ पुढे करतात, ते टी पेशीवरच्या पीडी-१ ला जाऊन बसतं आणि टी पेशी गार पडते, चेकनाक्यावर ओळखीच्या साहेबाचं नाव सांगितलं की गाडी न तपासता सोडतात तसं. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधं पीडी-१ वर बसून ही ओळख लागूच देत नाहीत. दोन्हींना २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डोकं-मान भागाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली, तेव्हा ती केमो चालेनाशी झालेल्या पेशंटसाठी होती.

रिपोर्टवर आकडा सीपीएस म्हणून येतो. तो असा काढतात: तपकिरी झालेल्या ट्यूमर पेशी, अधिक तपकिरी लिम्फोसाइट, अधिक तपकिरी मॅक्रोफेज, या सगळ्यांची बेरीज करायची, तिला एकूण जिवंत ट्यूमर पेशींनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा २०० ट्यूमर पेशी आहेत, त्यातल्या १० तपकिरी आहेत आणि आजूबाजूच्या २० रोगप्रतिकारक पेशी तपकिरी आहेत. ३० भागिले २००, गुणिले १००, सीपीएस १५. याच स्लाइडचा टीपीएस काढला तर फक्त ट्यूमर पेशी धरतात, १० भागिले २००, म्हणजे ५ टक्के. एकच काच, दोन आकडे! म्हणून फुप्फुसाच्या कॅन्सरवाल्या नातेवाइकाचा टीपीएस आणि तुमचा सीपीएस यांची तुलना करू नका, आणि रिपोर्टवर "पीडी-एल१ ५%" एवढंच लिहिलेलं असेल तर लॅबला फोन करून सीपीएस मागून घ्या. सीपीएसला टक्के लावत नाहीत, आणि गणित १०० च्या वर गेलं तरी रिपोर्टमध्ये १०० च लिहितात.

मोजताना काय धरायचं नाही याचेही नियम आहेत. न्यूट्रोफिल आणि प्लाझ्मा पेशी धरायच्या नाहीत, मेलेला भाग धरायचा नाही, शेजारी नुसता डिस्प्लेसिया (कॅन्सर व्हायच्या आधीचा पेशींचा बिघाड) असेल तर तो धरायचा नाही. तोंडातल्या ट्यूमरवर बरेचदा जखम असते, इन्फेक्शन असतं, तिथे न्यूट्रोफिलची गर्दी, त्यामुळे हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सीपीएस १८ आणि २२ मध्ये जीव अडकवू नका असं मी म्हणतो ते यामुळेच. ट्यूमरच्या एका कोपऱ्यात १८ येईल आणि दुसऱ्या कोपऱ्यात ४०.

आता आकड्याचा उपयोग. कॅन्सर परत आलाय किंवा पसरलाय आणि ऑपरेशन, रेडिएशनने बरा होण्यासारखा नाही, अशा पेशंटवर कीनोट-०४८ नावाचा मोठा ट्रायल झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनम आणि फाइव्ह-एफयू ही केमोची औषधं आणि सोबत सेटुक्सिमॅब (त्याबद्दल पुढे येतंच). सीपीएस २० किंवा जास्त असलेल्यांत मधलं आयुष्यमान (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा आकडा) १४.९ महिने विरुद्ध १०.७, सीपीएस १ किंवा जास्त धरले तर १२.३ विरुद्ध १०.३. त्यावरून नियम बसला की सीपीएस १ किंवा वर असेल तर नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब देता येतं, आणि केमोबरोबर द्यायचं असेल तर सीपीएस कितीही चालतो. त्या ट्रायलमधल्या साधारण ८५ टक्के लोकांचा सीपीएस १ किंवा वर होता, म्हणजे "पॉझिटिव्ह" येणं ही काही लॉटरी नाही.

पण याच ट्रायलमधला एक आकडा लोक सांगत नाहीत आणि तो मला जास्त कामाचा वाटतो. सीपीएस १ किंवा वर असलेल्यांत ट्यूमर ठळकपणे लहान झाला तो नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबवर १९ टक्के लोकांत, केमो-सेटुक्सिमॅबवर ३५ टक्के लोकांत. म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी गाठ लहान करायला कमी पडली. मग फायदा कुठून आला? ज्यांना लागू पडली त्यांना ती टिकली, मधला काळ जवळपास २१ महिने, दुसरीकडे साडेचार महिने. आता समोरचा पेशंट बघा. गाठ मोठी आहे, गिळता येत नाही, रक्त येतंय, श्वासाचा रस्ता दाबला जातोय, तर इथे आधी गाठ लहान होणं गरजेचं आहे, वाट बघायला वेळ नाही, म्हणून डॉक्टर सीपीएस ४० असूनही केमो जोडतात. नातेवाईक म्हणतात आकडा इतका छान आहे तर केमोचा त्रास कशाला. कारण हे आहे.

२०२५ च्या जूनमध्ये अजून एक बदल झाला. ऑपरेशन करता येण्यासारख्या पण वाढलेल्या कॅन्सरमध्ये, सीपीएस १ किंवा जास्त असेल तर, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रेडिएशनबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब द्यायला एफडीएने मान्यता दिली, कीनोट-६८९ या ट्रायलवरून. याचा व्यवहारातला अर्थ असा की पीडी-एल१ आता फक्त शेवटच्या टप्प्यातली तपासणी राहिली नाही, ऑपरेशनच्या आधीच्या बायोप्सीवरही ती मागितली जाऊ शकते. ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी हा विषय डॉक्टरांकडे काढा, नंतर काढून "आधी द्यायचं" औषध देता येत नाही, उघड आहे.

आणि ज्यांना पूर्ण डोसचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलचा ट्रायल माहीत असायलाच हवा. १५१ पेशंट, तोंडाने घ्यायची तीन औषधं (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब) सगळ्यांना, आणि निम्म्यांना त्यावर निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, जिथे नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी असतो. एका वर्षाने जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२३ चा पेपर आहे. पीडी-एल१ कमी आलं, किंवा तपासणीच झाली नाही म्हणून दरवाजा बंद झाला असं समजू नका, डॉक्टरांना या पर्यायाबद्दल थेट विचारा.

ईजीएफआर: टार्गेट आहे, पण तपासायची गरज नाही

ही गोष्ट ऐकून लोक चक्रावतात. ईजीएफआर हे पेशीच्या बाहेरच्या पडद्यातलं रिसेप्टर, बाहेरून वाढीचा सिग्नल आला की आत कळवणारं. डोकं-मान भागाच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये ते ८० ते ९० टक्के ट्यूमरमध्ये वाढलेलं असतं. सेटुक्सिमॅब ही त्याच्यावरच बसणारी अँटीबॉडी, २००६ पासून वापरात. मग वाटतं, ईजीएफआर मोजू, जास्त असेल त्याला देऊ. तसं करून पाहिलं आणि जमलं नाही. आयएचसीवर ईजीएफआर किती आहे यावरून कोणाला लागू पडेल ते सांगताच येत नाही. म्हणून सेटुक्सिमॅब द्यायच्या आधी ईजीएफआर टेस्ट लागत नाही. कोणी पॅकेजमध्ये घातली असेल तर विचारा कशासाठी.

असं का होत असेल याचं एक चांगलं उत्तर २०२१ मध्ये सीपीटॅक नावाच्या अमेरिकी प्रकल्पातून आलं. त्यांनी १०८ एचपीव्ही-निगेटिव्ह (एचपीव्ही या विषाणूमुळे न झालेले) ट्यूमर घेऊन जनुकांबरोबर थेट प्रोटीन आणि त्यांच्यावरचे फॉस्फेट मोजले. त्यात दिसलं की हा रस्ता चालू आहे की नाही हे ईजीएफआर किती आहे यावर कमी आणि त्याला येऊन चिकटणारे लायगँड किती आहेत यावर जास्त ठरतं. रिसेप्टर हजार असले आणि सिग्नल देणारं कोणी नसलं तर ते गप्पच बसणार, आणि सेटुक्सिमॅब तर लायगँडची जागाच अडवतं, तेव्हा लायगँडवरून अंदाज बांधणं तर्काला धरून आहे. मात्र ही टेस्ट अजून ओपीडीत आलेली नाही, त्यामुळे लॅबकडे मागायला जाऊ नका.

दुसरी एक बारीक गोष्ट. सेटुक्सिमॅब आणि रेडिएशनचा जो प्रसिद्ध ट्रायल २००६ मध्ये आला, त्यात घशाचे आणि स्वरयंत्राचे कॅन्सर होते, तोंडाच्या पोकळीतले नव्हतेच. "हेड अँड नेक" हे लेबल लावलं की सगळं एका पिशवीत जातं, आणि गालाच्या किंवा जिभेच्या पेशंटला घशाच्या पेशंटचे आकडे सांगितले जातात. कुठलाही ट्रायल वाचताना आधी शोधायचं, यात तोंडाचे किती होते.

औषध चालू झालं की चेहऱ्यावर-छातीवर पुरळ येतं, मुरमांसारखं. ते बघून बंद करू नका, पुरळ येणाऱ्यांमध्ये परिणाम बरा दिसतो असं वारंवार आढळलंय. रक्तातलं मॅग्नेशियम मात्र उतरतं, ते तपासत राहायला लागतं.

पी१६: जागा बघून वाचा

पी१६ म्हणजे एचपीव्ही असल्याची अप्रत्यक्ष खूण. घशातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या अगदी मुळाच्या कॅन्सरमध्ये ती फार महत्त्वाची, ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक रंगल्या तर पॉझिटिव्ह धरतात आणि स्टेजसुद्धा वेगळी मोजतात. पण जिभेचा पुढचा भाग, गाल, हिरडी, तोंडाचा तळ इथे एचपीव्हीचा वाटा अगदी थोडा आहे, इथले मोठे गुन्हेगार तंबाखू, सुपारी, दारू. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजची २०१८ ची गाइडलाइन स्पष्ट सांगते की घशाबाहेरच्या ट्यूमरवर ही टेस्ट सरसकट करू नये. त्यामुळे गालाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर पी१६ पॉझिटिव्ह दिसलं आणि नेटवर वाचलं की पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे चांगला कॅन्सर, तर ते तुम्हाला लागू नाही. जिभेचा असेल तर पुढच्या दोन तृतीयांश भागातला की मुळाचा, हे एकदा विचारून घ्या, कारण तिथून सगळं बदलतं.

पी५३, केआय-६७ आणि औषधाची वाट बघणारे

पी५३ चं एक कळलं की पुरे. "निगेटिव्ह" म्हणजे बरं असं नाही. जनुक बिघडलं की कधी प्रोटीन साचून राहतं, स्लाइड गडद तपकिरी, आणि कधी प्रोटीन बनतच नाही, स्लाइड पूर्ण कोरी. दोन्ही बिघाडच. मधूनमधून फिकट रंगलेल्या पेशी हे नॉर्मल. २०१५ मध्ये टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पाने २७९ डोकं-मान ट्यूमरच्या जनुकांचा नकाशा काढला त्यात एचपीव्ही-निगेटिव्ह गटात ८४ टक्क्यांमध्ये टीपी५३ (पी५३ बनवणारं जनुक) बिघडलेलं निघालं. इतकं सर्रास असूनही तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यावर एफडीएची मान्यता मिळालेलं औषध नाही. केआय-६७ किती पेशी विभागतायत ते सांगतं, पण किती टक्क्यांच्या वर काय करायचं याची ठरलेली रेषा नाही. सायक्लिन डी१, ई-कॅडहेरिन, पोडोप्लॅनिन, व्हायमेंटिन यांच्यावर पेपरचे ढीग आहेत. ट्रीटमेंट ठरवताना कोणी उघडत नाही.

एचआरएएसबद्दल मात्र मला आशा आहे. डोकं-मान कॅन्सरमध्ये साधारण ४ ते ८ टक्के लोकांत यात म्युटेशन असतं. हे प्रोटीन काम करायला पेशीच्या पडद्याला चिकटावं लागतं आणि त्यासाठी त्याला फार्नेसिल नावाची चरबीची शेपटी जोडतात. टिपिफार्निब ती शेपटी जोडणारं एन्झाइम बंद करतं. केआरएएस आणि एनआरएएस दुसऱ्या प्रकारची शेपटी लावून निसटतात, एचआरएएसला ती सोय नाही, म्हणून औषध नेमकं इथेच चालतं. २०२१ च्या एका छोट्या ट्रायलमध्ये ज्यांच्या ट्यूमरमध्ये म्युटेशनचं प्रमाण जास्त होतं अशा निम्म्याहून अधिक पेशंटमध्ये गाठी लहान झाल्या. पण लक्षात घ्या, हे आयएचसीवर दिसत नाही, जीन सिक्वेन्सिंग लागतं. नेहमीची औषधं संपत आली असतील तर सिक्वेन्सिंगबद्दल विचारणं रास्त आहे, त्याच वेळी हर२ आयएचसीही विचारा, कारण हर२ ३+ (म्हणजे सगळ्यात ठळक रंगलेलं) असेल तर कॅन्सर कुठल्याही अवयवाचा असो, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या औषधाला २०२४ मध्ये एफडीएची मान्यता मिळालीय. तोंडाच्या स्क्वॅमसमध्ये ३+ क्वचित मिळतं, हे आधीच सांगून ठेवतो.

"लाळेवरून कॅन्सर ओळखा" बातमी आली की कॅल्क्युलेटर काढा

दर वर्षी एक बातमी फिरते. संशोधन खरं असतं, बातमी फुगलेली असते. २००८ मध्ये लाळेतल्या पाच प्रोटीनचा एक पॅनल आला होता, कॅटालेज, प्रोफिलिन, सीडी५९, एमआरपी१४ आणि एम२बीपी, संवेदनशीलता ९० टक्के (कॅन्सर असलेल्या १०० पैकी ९० सापडतात), विशिष्टता ८३ टक्के (कॅन्सर नसलेल्या १०० पैकी ८३ निगेटिव्ह येतात). ऐकायला भारी. आता तो १०,००० धडधाकट लोकांवर लावा ज्यांच्यात १० जणांना खरोखर कॅन्सर आहे. १० पैकी ९ सापडतील, छान. पण उरलेल्या ९,९९० मधले १७ टक्के, म्हणजे जवळपास १,७०० जण उगाच पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह आलेल्या दर १९० माणसांमागे कॅन्सर एकाला. हीच टेस्ट तीन आठवडे न भरलेला व्रण घेऊन आलेल्या १,००० लोकांवर लावा ज्यात ३०० जणांना कॅन्सर आहे, तर २७० खरे आणि ११९ खोटे, बरं वाटतं, पण ३० जणांचा कॅन्सर सुटला. त्यांना निगेटिव्ह सांगून घरी पाठवणार? व्रण समोर दिसतोय तर सरळ तुकडा काढायचा.

शिवाय लाळेतल्या आयएल-६, आयएल-८ सारख्या गोष्टी हिरड्या सुजल्या तरी वाढतात, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या धड असतात कधी? त्यामुळे अभ्यासात तुलना कोणाशी केली ते बघा. स्वच्छ तोंडाच्या तरुण मुलांशी केली असेल तर आकडे छानच येणार. तुलना ल्यूकोप्लेकिया, लायकेन प्लॅनस (दोन्हींत तोंडात पांढरे चट्टे येतात), हिरड्यांचा आजार असलेल्यांशी हवी. आणि ज्या पेशंटवरून पॅनल बनवला त्यांच्यावरच तपासला की दुसऱ्या ठिकाणच्या नव्या पेशंटवर, हे बघा.

मार्कर खरा ठरला तरी त्यावरून औषध निघेलच असं नाही, याचं माझं आवडतं उदाहरण २०१६ चा ईपॉक ट्रायल. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांमध्ये डीएनएचे ठरावीक तुकडे गायब असले तर कॅन्सर जास्त होतो हे त्यात सिद्ध झालं: तीन वर्षं कॅन्सरशिवाय राहिले ते तुकडे गायब असलेल्यांत ७४ टक्के, नसलेल्यांत ८७. मग धोका जास्त असलेल्या १५० जणांना अर्लोटिनिब किंवा खोटी गोळी दिली. तीन वर्षं कॅन्सरशिवाय राहिले ते खोट्या गोळीवर ७४ टक्के, अर्लोटिनिबवर ७०, फरक सिद्ध झाला नाही. धोका बरोबर ओळखला, औषधाने तो टळला नाही. तसंच झेव्हिनापँट नावाचं औषध, ट्रायलच्या दुसऱ्या टप्प्यात इतकं चांगलं दिसलं की सगळे खूश, तिसऱ्या टप्प्याचा मोठा ट्रायल २०२४ मध्ये मधेच थांबवावा लागला कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नाही. म्हणून बातमीत "दुसरा टप्पा", "उंदरांवर" किंवा "सेल लाइनवर" असं दिसलं तर वाचा, आवडलं तर फॉरवर्डही करा, पण चालू ट्रीटमेंट त्यासाठी थांबवू नका.

भेटीला जाताना

मार्करच्या नादात साध्या रिपोर्टवरच्या गोष्टी राहून जातात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ट्यूमर किती खोल गेला ते मिलिमीटरमध्ये असतं, ५ आणि १० या रेषांवर स्टेज बदलते. कडा मोकळ्या आहेत का, मानेच्या किती गाठींत गेलाय, आणि गाठीचं आवरण फोडून बाहेर आलाय का. कडेला कॅन्सर असेल किंवा आवरण फुटलेलं असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध लागतं, हा निर्णय कुठल्याही प्रोटीनने होत नाही. हे चार आकडे एका कागदावर आधी लिहा, त्याखाली सीपीएस, आणि मग विचारा: हा सीपीएस कुठल्या तुकड्यावरचा, त्यानंतर रेडिएशन झालंय का, आमच्या बाबतीत यावरून काय ठरणार आहे, आणि आमच्यासारख्या पेशंटसाठी ट्रायल चालू आहे का.

दुसऱ्या हॉस्पिटलला मत घ्यायला जाणार असाल तर कागदांच्या झेरॉक्सबरोबर ब्लॉक मागून घ्या, नुसत्या स्लाइड नाही. रंगवलेल्या स्लाइडवरून नवा मार्कर सहसा करता येत नाही, आणि कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड सहा महिन्यांच्या वर जुन्या असतील तर पीडी-एल१ फिकट येऊ शकतं. ब्लॉक देताना लॅब सही घेते, नंबर तपासून घ्या, फॉर्मवरचा नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर एकच आहे ना ते काउंटरवरच बघा, आणि काम झालं की ब्लॉक परत जमा करा. पुढे वर्षभराने नवं काही तपासायचं ठरलं तर तोच तुकडा लागेल.